आईचं नाव पाठीवर

"अगं, तीन दिवसांत साठ मैल चालायचंय. म्हणजे आपले शहाण्णव किलोमीटर!"

मैत्रिणीचा फोन आला आणि मला हसूच आलं. कॉलेजात असताना स्टँडवरून हॉस्टेलवर यायलाही रिक्षा करणारी ही बया! लग्न होऊन कोल्हापूर जिल्ह्यातून थेट कॅलिफोर्नियात गेली. आता पन्नाशी गाठलेली, गुडघे कुरकुरणारे. आणि म्हणे चालणार! सोबतीला तीन मैत्रिणी. एक गुजराती, एक तमिळ आणि एक शेजारची मेक्सिकन.

"कसला नवस बोललीस गं?" मी विचारलं.

"नवस नाही. आईसाठी चालतेय."

ही गोष्ट २०१९ सालची. अमेरिकेत सुसान कोमेन नावाची तरुणी १९८० साली स्तनाच्या कॅन्सरने गेली. वय अवघं ३६. तिची धाकटी बहीण नॅन्सी ब्रिंकर हिने बहिणीला दिलेला शब्द पाळला आणि १९८२ साली तिच्या नावाने संस्था काढली. या संस्थेसाठी निधी जमवायला तीन दिवसांची पदयात्रा निघते. चालणाऱ्या प्रत्येकीने निदान २३०० डॉलर गोळा करायचे. तेव्हाच्या दराने दीड लाख रुपयांच्या वर!

"चालण्याचा सराव होत होता गं," मैत्रीण सांगते. "पण पैसे मागायचे म्हणजे कशासाठी ते सांगायला हवं. तिथेच जीभ अडकायची."

कारण तिच्या घरात हा शब्द कधी कुणी उच्चारलाच नव्हता. आईला गाठ लागली होती. दुखत नव्हती, म्हणून आई गप्प राहिली. वर्षभर हळदीचा लेप लावत राहिली. डॉक्टरकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. आई गेल्यावरही लोकांना सांगितलं ते "पोटाचं दुखणं होतं" एवढंच. ‘त्या’ जागेचा आजार, बोलायचं कसं?

शेवटी एका रात्री तिने हे सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि मित्रमंडळींबरोबर माहेरच्या नातेवाइकांनाही पाठवलं. चुलते भडकले. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला मांडायची? गेलेल्या माणसाची तरी अब्रू ठेव!" ती दोन दिवस रडत होती. तिसऱ्या दिवशी गावाकडून मामीचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"तुझं वाचलं बाळ. मला पण काखेजवळ गाठ लागतेय. चार महिने झाले. मामांना सांगितलेलं नाही."

त्या आठवड्यात मामी मामांना घेऊन कोल्हापुरात दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी गाठ तपासली, तुकडा काढून तपासायला पाठवला. आणि इकडे नोव्हेंबरात, मामीचा रिपोर्ट यायच्या आधीच, सॅन दिएगोत हिची पदयात्रा सुरू झाली.

पहिल्याच दिवशी टोरी पाइन्सची चढण लागली. समुद्र सुंदर, पण बघायला डोकं वर करायचं कुणी! थोड्या थोड्या अंतरावर पाणी, फळं, खारे शेंगदाणे घेऊन स्वयंसेवक उभे. रस्त्याकडेला लहान मुलं गोळ्या वाटत होती. "अगदी आपल्या वारीसारखं," ती म्हणते, "फक्त टाळ-मृदंग नव्हते." चालणाऱ्यांच्या पाठीवर आपापल्या माणसांची नावं. हिच्या पाठीवर देवनागरीत आईचं नाव. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय लिहिलंय? आयुष्यभर जे लपवलं, ते तिने त्या दिवशी वीसेक अनोळखी माणसांना सांगितलं.

मुक्काम मिशन बेच्या काठावर, ओळीने लावलेल्या गुलाबी तंबूंत. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ती पायाच्या फोडांना पट्ट्या लावत बसली होती, तेव्हा फोन वाजला. आपल्याकडे संध्याकाळ झालेली.

"साधी गाठ आहे गं. कॅन्सर नाही." मामी रडत होत्या. मग म्हणाल्या, "चार महिने मी रात्रीची झोपले नाही. वन्संनी तरी वर्षभर कसं काढलं असेल?"

त्या दिवशी फोड फुटले आणि चार-पाच मैल तिला मागून येणाऱ्या गाडीत बसावं लागलं. पूर्वी असती तर लाजेने मेली असती. "आता म्हटलं, दुखतंय तर दुखतंय म्हणून सांगायचं."

तिसऱ्या दिवशी शेवटच्या सोहळ्यात या आजारातून वाचलेल्या बायका एकत्र चालत आल्या, तेव्हा बाकी सगळ्यांनी एकेक बूट काढून हातात उंच धरला. आपल्याकडे पायताण दाखवणं म्हणजे अपमान. तिथे तीच सलामी. चौघी मैत्रिणी एका पायावर तोल सावरत, एकमेकींच्या खांद्याला धरून उभ्या होत्या.

मैत्रिणींनो, शहाण्णव किलोमीटर आपल्याला चालायचे नाहीत. आपल्याला घरापासून दवाखान्यापर्यंतच जायचंय. बहुतेक गाठी मामींसारख्या साध्याच निघतात. पण कोणती साधी, हे डॉक्टरांनी सांगायचं, आपण ठरवायचं नाही. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. त्वचा ओढल्यासारखी होणं, खळी पडणं, बोंडातून रक्त येणं, काखेत गाठ लागणं, यातलं काहीही दिसलं तरी लगेच दाखवा. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखाहून जास्त बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली, तर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. ना मोठं मशीन, ना मोठा खर्च. सरकारी आरोग्य केंद्रातही तिशीपुढच्या बायकांसाठी ही तपासणी असते. विचारायला मात्र आपल्यालाच लागतं.

मामी आता भिशीच्या दिवशी बायकांना खडसावून विचारतात, "दाखवून आलीस का?" कुणी लाजलीच तर म्हणतात, "आमच्या वन्सं लाजल्या होत्या. म्हणून तर सांगतेय."