सूर्यनिरीक्षणाचा छंद: दक्षता आणि दप्तर

आकाशनिरीक्षणासाठी रात्रीचे जागरण अपरिहार्य आहे, हा सार्वत्रिक समज ज्या एकाच ताऱ्याला लागू पडत नाही, तो आपला सूर्य. आणि ६० मिलिमीटर व्यासाच्या साध्या दुर्बिणीतूनही त्याच्या पृष्ठावरील डाग, त्यांचा काळाकुट्ट गाभा व भोवतालची फिकट उपच्छाया स्पष्ट दिसते.

मात्र एक शर्त काटेकोरपणे पाळावी: सौरगाळणी दुर्बिणीच्या पुढल्या तोंडावरच, वाऱ्याने निघणार नाही अशी पक्की बसवावी. नेत्रिकेला लावायची गडद काच एकवटलेल्या उष्णतेने तडकू शकते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. शोधक दुर्बिणीवरही झाकण हवेच.

जर्मनीतील देसाऊ येथील हाइन्रिख श्वाबे या औषधविक्रेत्याने, बुधाच्याही आत एखादा ग्रह असावा या अपेक्षेने, १८२६ पासून वर्षानुवर्षे डागांची नोंद ठेवली. ग्रह सापडला नाही, परंतु डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या आवर्तनाने वाढते व घटते, हे त्याच्याच चिकाटीमुळे उघड झाले, आणि १८५७ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यास सुवर्णपदक अर्पण केले. आज हे चक्र सरासरी ११ वर्षांचे मानले जाते.

आपणही असेच दप्तर ठेवावे: तारीख, वेळ, डागांचे समूह आणि एकूण डाग. समूहसंख्येच्या दसपटीत एकूण डाग मिळवले की खगोलशास्त्रज्ञ वुल्फने घालून दिलेल्या रीतीचा मूळ अंक मिळतो. सलग काही दिवस नोंदी केल्या, तर डागांच्या सरकण्यावरून सूर्याचे परिवलन, जे पृथ्वीवरून सुमारे २७ दिवसांचे भासते, स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येते.