कोतवाल-बुकातला आजा

नागरिकत्वाचा सवाल निघाला की नागपूरच्या वस्त्यांतून पिढीजात कागदांची शोधाशोध सुरू होते. आज्याचा दाखला नाही, पणज्याच्या नावे सातबारा नाही. ज्यांना जमीनच मिळू दिली नाही त्यांनी जमिनीचा उतारा कोठून आणावा? परंतु ही भीती कायद्यापेक्षा कचेरीच्या खिडकीने अधिक पेरली आहे, हे कार्यकर्त्यांनी आधी समजून घेतले पाहिजे.

१९५५ चा नागरिकत्व कायदा सांगतो : २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानेच नागरिक. त्याच्या आईबापांची चौकशी नाही. त्यानंतर जन्मलेल्याला आई किंवा बाप नागरिक असल्याचे दाखवावे लागते. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा, ही अटही आली. म्हणजे २००० साली जन्मलेल्या मुलीने स्वतःचा आणि १९७० साली जन्मलेल्या आईचा जन्म येथलाच असल्याचे सिद्ध केले की साखळी संपते. आज्यापर्यंत जावे लागत नाही.

क्रूर थट्टा अशी की १ जुलै हीच आपल्या कित्येकांची शाळेतली जन्मतारीख. आई 'पावसाळ्याच्या तोंडी झाला' एवढेच सांगे. मास्तर १ जुलै लिहून मोकळे होत. दाखल्यावर १ जुलै १९८७ असेल तर एका दिवसाने माणूस दुसऱ्या कलमात जातो!

सिद्ध कशाने करायचे? आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे; तसे त्याच्या २०१६ च्या कायद्यातच लिहिले आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी इकडच्या गावांतले जन्म कोतवाल-बुकात चढत. हा कोतवाल बहुधा महार. बुक त्याच्या काखेत, अक्षर मात्र दुसऱ्याचे. म्हणून तेथे माणूस कचऱ्या, धोंड्या म्हणून सापडतो. शाळेतले नाव वेगळे, १९५६ च्या धर्मांतरानंतरचे आणखी वेगळे. नावे जुळत नाहीत म्हणून कारकून अर्ज परत करतो. येथे हार मानू नये. कोतवाल-बुकाची नक्कल तहसील कचेरीतून व दाखल-खारीज रजिस्टराचा उतारा शाळेतून काढावा. कचऱ्या आणि कचरूजी एकच, हे जाणत्या नातेवाइकाने शपथेवर सांगावे. नात्याबाबत घरच्या माहीतगाराची साक्ष ग्राह्य आहे.

भटक्यांचे दुखणे निराळे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सरकारने त्यांची नावनिशीवार हजेरी घेतली. तो कायदा १९५२ साली गेला. हजेरीला सापडणाऱ्या माणसाच्या पालात जन्मलेला नातू मात्र कोणी नोंदवला नाही. वर्ष उलटल्यावरही दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने जन्म नोंदवता येतो. त्यासाठी ज्या सुईणीने, ज्या म्हातारीने तो जन्म पाहिला तिची साक्ष ती हयात आहे तोवरच लिहून घ्यावी.