डोंगराआडची रेंज : चार गैरसमज

लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना या गडांच्या आडोशाला रेंज गळते, हे मावळात कुणाला सांगायला नको. ती मिळवायची कशी, याबद्दल मात्र चुकीच्या समजुती घट्ट आहेत आणि त्यांचा तोटा गावालाच होतो.

गैरसमज १ : टॉवरची ताकद वाढवली की भागतं.

वस्तुस्थिती : अडथळ्यांच्या मुलखात अंतर दुप्पट झालं की लहरींची ताकद साधारण सोळाव्या हिश्श्यावर येते. म्हणून मध्ये, उंचावर, आलेला संदेश पुढे धाडणारं सहक्षेपण केंद्र लागतं. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्यात दिसू लागलं ते सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे.

गैरसमज २ : रेंज नसेल तर बाजारातून बूस्टर आणून घरावर लावावा.

वस्तुस्थिती : साधा बूस्टर संदेशासोबत खरखरही वाढवतो. विनापरवाना बूस्टर बेकायदा आहे, कारण टॉवरकडे जाणाऱ्या लहरींत गोंधळ होऊन शेजाऱ्यांचेही फोन अडतात. चांगलं सहक्षेपण केंद्र आलेला संदेश आधी उलगडतं, त्यातल्या चुका दुरुस्त करतं आणि मगच नव्याने पुढे धाडतं.

गैरसमज ३ : बिघडून पोचलेला संदेश वाया जातो.

वस्तुस्थिती : ४जी आणि ५जी फोन बिघडलेली प्रतही जपून ठेवतो, पुन्हा मागणी करतो आणि दोन्ही प्रती जुळवून मूळ मजकूर काढतो. संशोधक डेव्हिड चेस यांनी ही जुळणी १९८५ साली मांडली. ४जीमध्ये अशी एक फेरी साधारण ८ मिलिसेकंदांत होते. लेनमन, त्से आणि वॉर्नेल या संशोधकांनी २००४ मध्ये आणखी एक वाट दाखवली : मधल्या केंद्राने सगळंच पुन्हा पाठवू नये, संदेश पोचला नाही असं कळलं तरच आपली प्रत पाठवावी. ती दुसऱ्या दिशेने येते, त्यामुळे एक वाट डोंगराने अडवली तरी दुसरी मोकळी असू शकते आणि वेळही वाचतो.

गैरसमज ४ : लोणावळ्याचा पाऊस रेंज खातो.

वस्तुस्थिती : मोबाइलच्या ७०० ते ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. त्रास होतो तो टॉवरांना जोडणाऱ्या, १० गिगाहर्ट्झवरच्या मायक्रोवेव्ह दुव्यांना. त्यात वीज गेली आणि बॅटरी संपली की टॉवरच बंद पडतो.

म्हणून ग्रामसभेत नुसता मोठा टॉवर मागू नये. योग्य उंचीवरचं मधलं केंद्र, त्याला पुरेशी बॅटरी आणि जोडणीची दुसरी वाट मागावी. गडावर अडकलात, तर आपल्या कंपनीची रेंज नसतानाही ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावून पाहा. तिथे दुसऱ्या कंपनीचं जाळं पोचत असेल, तर हा फोन त्यावरून लागू शकतो.