कुशल स्थलांतरित आणि ‘कॅनेडियन अनुभवा’ची अट

बुद्धिगळती म्हणजे मायदेशाचा तोटा आणि यजमान देशाचा फायदा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु परदेशी गेलेला अभियंता तेथे टॅक्सी चालवत असेल, तर फायदा कोणाचा? या स्थितीला बुद्धीचा अपव्यय म्हणतात. कॅनडाच्या उदाहरणावरून तिची कारणे पाहू.

1. निवड एकाची, परवाना दुसऱ्याचा

कॅनडाने 1967 मध्ये गुणपद्धती स्वीकारली. शिक्षण, भाषा, वय, अनुभव यांना गुण देऊन अर्जदार निवडले जाऊ लागले. मात्र डॉक्टर, अभियंता, परिचारिका अशा नियमन असलेल्या व्यवसायांचे परवाने प्रांतांतील व्यावसायिक संस्था देतात. त्यामुळे ज्या पदवीने देशाचे दार उघडते, तीच पदवी व्यवसाय करण्यास पुरेशी ठरत नाही. परदेशात शिकलेल्या डॉक्टरला सामान्यतः परीक्षा देऊन रेसिडेन्सीची जागा मिळवावी लागते. अशा जागा थोड्या असतात. दरम्यान घर चालवण्यासाठी मिळेल ते काम करावे लागते, सराव तुटतो आणि पुढचा अर्ज आणखी कमकुवत होतो.

2. परवान्याची गरज नसते तेथे

अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलोस यांनी टोरांटोतील नोकऱ्यांसाठी हजारो काल्पनिक अर्ज पाठवले. त्यांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षण आणि अनुभव कॅनडातलाच असूनही भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नावांच्या अर्जांना इंग्रजी नावांपेक्षा बरीच कमी बोलावणी आली. अनुभव परदेशातला असला की ती आणखी घटली. कॅनडातला अनुभव असल्यास पदवी कोठली, याने मात्र फारसा फरक पडला नाही.

3. दुष्टचक्र आणि उपाय

अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही. ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने 2013 मध्ये अशी सरसकट अट प्रथमदर्शनी भेदभाव ठरते, अशी भूमिका घेतली. 2023 मध्ये तेथील अभियंत्यांच्या परवाना संस्थेने ही अट काढून टाकली.

सारांश

मानवी भांडवल माणसाबरोबर सीमा ओलांडते. त्याची मान्यता आपोआप ओलांडत नाही.

विचार करा

परदेशात वैद्यकीय पदवी घेतलेल्या बहुतेकांना भारतातही पात्रता परीक्षा द्यावी लागते. रुग्णाची सुरक्षितता जपणारी अट आणि केवळ अडथळा ठरणारी अट यांतील फरक तुम्ही कसा ओळखाल?