तळघरातील ओल आणि आर्द्रतानिवारक यंत्राची निवड

हस्तलिखिते, बोलींच्या नोंदींची कार्डे आणि ध्वनिफिती ही भाषाभ्यासाची मूळ साधने होत. जागेच्या अभावी ती पुष्कळदा तळघरात ठेवली जातात. तेथील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिल्यास कागदास बुरशी लागते, आणि कित्येक ध्वनिफितींवरील चुंबकीय थर बाष्प शोषून चिकट होतो. ज्या वक्त्याचा आवाज फितीवर आहे तो हयात नसेल, तर ही हानी कशानेही भरून येत नाही. म्हणून आर्द्रतानिवारक यंत्राची, म्हणजे बाजारात ज्यास डिह्युमिडिफायर म्हणतात त्याची, निवड विचारपूर्वक झाली पाहिजे.

प्रथम ओलीचे मूळ शोधावे. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा कडा चिकटवून एकदोन दिवस ठेवावा. त्याच्या आतील बाजूस पाणी साठल्यास ओल भिंतीतून झिरपते असे समजावे. बाहेरील बाजूस साठल्यास ती हवेतील बाष्पाची होय. झिरपणारे पाणी गवंडीकामानेच थांबते, यंत्राने नव्हे.

हवेतील बाष्पाबाबत मात्र एक गैरसमज आढळतो. खिडक्या उघडल्या की ओल जाते, असे मानले जाते. वस्तुतः थंड देशांतील उन्हाळ्यात २५ अंश सेल्सिअस व ६० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे १३.८ ग्रॅम बाष्प असते. उलट १५ अंशांच्या तळघरातील हवा १२.८ ग्रॅमहून अधिक बाष्प धारण करू शकत नाही. उरलेले बाष्प भिंतींवर व कागदांवर पाणी होऊन उतरते.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. काँप्रेसरच्या यंत्रात हवा थंड नळ्यांवरून जाते आणि बाष्पाचे पाणी होते. परंतु तळघराचे तापमान १० अंश व आर्द्रता ६० टक्के असल्यास दवबिंदू अडीच अंशांच्या आसपास येतो. नळ्या त्याहूनही थंड ठेवाव्या लागतात; त्यांवर बर्फ धरते व तो वितळविण्यात यंत्राचा वेळ जातो. दुसऱ्या प्रकारात सिलिका जेल किंवा झिओलाइटचे फिरते चक्र बाष्प शोषते आणि तापविलेली हवा ते चक्रातून काढून घेते. या यंत्रास वीज अधिक लागते. तथापि ते थंडीतही काम देते व खोलीस थोडी ऊबही देते. सारांश, हिवाळ्यात न तापविल्या जाणाऱ्या तळघरास दुसरा प्रकार योग्य होय.

यंत्रावर लिहिलेला ‘दिवसास इतके लिटर’ हा आकडा कोणत्या तापमानास मोजला, हे पाहिल्यावाचून त्यास अर्थ नाही. ३० अंश व ८० टक्के आर्द्रतेस मोजलेला आकडा थंड तळघरात फारच खाली येतो. अमेरिकेत २०१९ पासून लहान यंत्रांची चाचणी सुमारे २७ अंशांऐवजी १८ अंशांच्या आसपास घेतली जाऊ लागली, तेव्हा त्याच यंत्रांचे आकडे घटले.

मुंबई वा कोकणातील पावसाळी हवा उबदार असल्याने तेथे काँप्रेसरचे यंत्रच कमी खर्चात काम देते. कोठेही असो, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखावी, कारण अतिशुष्क हवेत जुना कागद ठिसूळ होतो. पाणी नळीने मोरीत सोडण्याची सोय असावी, आणि वीज गेल्यावर यंत्र आपोआप पुन्हा सुरू होणारे असावे. मात्र यंत्र घेण्यापूर्वी तापमापक व आर्द्रतामापक तळघरात वर्षभर ठेवून नोंदी घ्याव्यात. त्या नोंदींवरूनच निवड निश्चित व्हावी.