पतनोंदीतील चूक व तिची दुरुस्ती

मुळशी तालुक्यात पाऊस सुरू होण्यापूर्वीच भातशेतीसाठी बियाणे, खत व मजुरी यांची तरतूद करावी लागते. अशा ऐन वेळी जुने कर्ज थकीत असल्याची नोंद निघून बँकेतील अर्ज अडकला, तर शेतकऱ्याचा हंगाम धोक्यात येतो. मग ‘सिबिल साफ करून देतो’ असे सांगून आगाऊ पैसे मागणारा मध्यस्थ भेटतो. त्याच्या हाती पैसे देण्यापूर्वी पतनोंद कशी बदलते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वी सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे कुळाला कळत नसे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यामागे हेही एक दुःख होते. पुढे १८७९ च्या कायद्याने ऋणकोस पावती व हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. आजची वही पतमाहिती कंपन्यांकडे असते. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन व क्रिफ हाय मार्क या त्या चार कंपन्या होत. कर्ज व हप्ते यांची माहिती बँका व वित्तसंस्था त्यांना कळवितात आणि तीवरून ३०० ते ९०० यांमधील गुणांक ठरतो. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिल्यास तीही नोंद आपल्या अहवालात येते.

ही वही पाहण्याचा हक्क आज प्रत्येक कर्जदारास आहे. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तो कंपनीच्या संकेतस्थळावरून मिळतो.

अहवाल हाती आल्यावर नोंदी खऱ्या की चुकीच्या, हे प्रथम ठरवावे. फेडलेले कर्ज थकीत दिसणे, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढणे, न घेतलेले कर्ज दिसणे, या चुका होत. हप्ता खरोखरच थकला असेल किंवा बँकेने काही रक्कम सोडून तडजोड केली असेल, तर ती नोंद खरी आहे. खरी नोंद कोणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही. कारण कर्ज देणाऱ्या संस्थेने दुजोरा दिल्यावाचून कंपनी नोंद बदलीत नाही. मध्यस्थ करतो तो अर्जच; आणि तो शेतकऱ्यास स्वतः, फुकट करता येतो.

चुकीच्या नोंदीबाबत पुढील क्रमाने वागावे :

१. संबंधित बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा. भरण्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

२. बँकेकडे व पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक व दिनांक लिहून ठेवावा. चूक एकाहून अधिक कंपन्यांच्या अहवालांत असल्यास प्रत्येकीकडे तक्रार करावी.

३. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. विलंब झाल्यास दर दिवसास १०० रुपये भरपाई तक्रारदारास द्यावी, असा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

४. तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्याबाबतची माहिती १४४४८ या दूरध्वनी क्रमांकावर मिळते.

नोंद खरी असल्यास उपाय एकच : थकबाकी भरावी, पुढील हप्ते वेळेवर द्यावेत व धीर धरावा. शक्य असल्यास तडजोडीऐवजी संपूर्ण फेड करावी. तडजोडीची नोंद अहवालात राहते आणि पुढील कर्जास अडथळा करते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज भरण्यास साहाय्य करावे. मात्र मोबाईलवर येणारा ओटीपी शेतकऱ्याने कोणासही सांगू नये व आधार किंवा पॅनची प्रत अनोळखी माणसाच्या हाती देऊ नये. अहवाल कर्जाची गरज लागण्याच्या दोन-तीन महिने आधी पाहावा. चूक सापडलीच, तर ती लावणीपूर्वी दुरुस्त होण्यास पुरेसा अवधी राहतो.