जांभ्यात वीज सोडून काय कळते?

कसालहून मालवणकडे जाताना कट्टा लागतो. आजूबाजूला चिऱ्यांच्या खाणी, सड्यावर काळपट कातळ, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तरी मे महिन्यात या भागातल्या कितीतरी विहिरी तळ दाखवतात. जांभा सच्छिद्र असतो. पाणी झटकन पितो आणि उताराकडे तितक्याच झटकन सोडूनही देतो. त्याच्याखाली चिकट शेडी माती, तिच्याखाली जुना कठीण खडक. बोअर मारायची तर नेमकी कुठे आणि किती खोल, हा इथला नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर न खणता शोधणाऱ्या विद्येचे नाव उपयोजित भूभौतिकी.

पद्धत दिसायला अगदी साधी आहे. सरळ रेषेत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून बॅटरीची वीज जमिनीत सोडायची आणि आतल्या दोन खुंट्यांमधला विजेचा दाब मोजायचा. उन्हाळ्यातला जांभा इतका कोरडा असतो की खुंटीतून वीज आत शिरतच नाही. म्हणून प्रत्येक खुंटीच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतावे लागते. खुंट्यांमधले अंतर सारखे १० मीटर ठेवले आणि वाचन, म्हणजे दाब भागिले प्रवाह, ५ ओहम आले, तर २ गुणिले पाय गुणिले १० गुणिले ५, म्हणजे जमिनीची रोधकता सुमारे ३१४ ओहम-मीटर. अंतर वाढवत गेले की वीज अधिकाधिक खोल उतरते आणि खालच्या थरांचा अंदाज येऊ लागतो. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ साली असेच प्रयोग सुरू केले. पुढे त्यांच्याच नावाची कंपनी तेलविहिरींच्या जगात अग्रगण्य ठरली.

खरी मेख पुढे आहे. यंत्राला पाणी दिसत नाही, फक्त रोधकता दिसते. कोरडा जांभा आणि अखंड कातळ हजारोंच्या घरात आकडे देतात, समुद्राचे पाणी पाव ओहम-मीटरच्या आसपास. मात्र ओली शेडी माती आणि मचूळ पाण्याने भरलेला खडक जवळजवळ सारखेच वाचन देऊ शकतात. वाचन एक, उत्तरे अनेक! मग जवळच्या विहिरीत उतरून थर पाहायचे, पाण्याचा क्षार तपासायचा, हातोड्याच्या ठोक्याने जमिनीत लहरी सोडून दुसऱ्या पद्धतीने पडताळा घ्यायचा. भौतिकशास्त्र येते पण खडक ओळखता येत नाही, असा विद्यार्थी इथे हमखास फसतो. उलटेही तितकेच खरे. पाणाडीच्या हातातला नारळ उभा राहतो तेव्हा मात्र असा पडताळा कोणी मागत नाही.

मालवणसमोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत. चहूबाजूंनी समुद्र आणि मधोमध पिण्याचे पाणी, हे नवल पर्यटक वाकून बघतात. पावसाचे गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. सच्छिद्र जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर वर असेल, तर गोडा थर सुमारे ४० मीटर खोल असतो. बेटाच्या भेगाळ खडकात हिशेब इतका सरळ राहत नाही, पण तत्त्व तेच. उपसा वाढवून पातळी १ मीटरने खाली आणली की खालचे खारे पाणी अनेक पटींनी वर सरकू लागते. किनाऱ्यावर हॉटेले वाढत असताना गोड्या-खाऱ्या पाण्याची ही सीमा रोधकतेवरून मोजणारी माणसे हवीत, आणि ती इथलीच असली तर अधिक बरे.

महाराष्ट्रात या शास्त्राला मोठा वारसा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजले जात होते. सप्टेंबर १८५९ मधल्या प्रचंड सौरवादळात तिथे चुंबकीय क्षेत्र जवळजवळ १६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याची नोंद झाली. आजही जगभरचे अभ्यासक ती वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या विजेने वाचने बिघडली असती, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप करून जुनी मालिका नव्या मालिकेला जोडली गेली. या परंपरेतली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपामुळे कराडजवळ खोल छिद्रांतून भूकंपांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आली. गोठणे इथे बेसॉल्टचा सुमारे सव्वा किलोमीटरचा थर भेदून तिने खालच्या ग्रॅनाइटी खडकात खोलवर छिद्र पाडले. समुद्राखालची भूभौतिकी शिकायची तर गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कट्ट्याहून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे.

मालवण किंवा कणकवलीच्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची बीएस्सी हा इथल्या मुलामुलींसाठी पुरेसा पाया आहे. जोडीला गणित मात्र सोडू नये. आयआयटींची 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या उपयोजित भूभौतिकीच्या एमएस्सीकडे जाता येते. खरगपूर, धनबाद हे आणखी पर्याय. टेलफर्ड, गेल्डार्ट आणि शेरिफ यांचा जाडजूड ग्रंथ पहिल्याच वर्षी उघडू नये. कीरी, ब्रूक्स आणि हिल यांचे पुस्तक आधी वाचावे. एनपीटीईएलवरची व्याख्याने फुकट आहेत. पायथॉन शिकावेच, आणि ऑब्सपाय, पायजिमलीसारखी मोफत साधने वापरून खरी वाचने सोडवावीत. इतके आले की मुलाखतीत बोलायला काहीतरी असते.

नोकऱ्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातली भूभौतिकीतज्ज्ञाची पदे आणि केंद्रीय भूजल मंडळातली पदे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भरतात. सर्वेक्षणातल्या पदासाठी निव्वळ भौतिकशास्त्राची एमएस्सीही चालते, हे अनेकांना ठाऊक नसते. ओएनजीसी अनेक वर्षे 'गेट'च्या गुणांवर भरती करत होती; तेलाचे भाव पडले की या क्षेत्रातली भरतीही आटते. अणुखनिज संचालनालय, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, बोगदे आणि धरणांच्या पायासाठी सर्वेक्षण करणाऱ्या खाजगी कंपन्या, हेही मार्ग आहेत. पेडण्याच्या बोगद्यात जुलै २०२४ मध्ये पाणी आणि चिखल शिरून कोकण रेल्वे बंद पडली होती. अशा मातीचा आधी ठाव घेणे हेच सर्वेक्षण करणाऱ्यांचे काम. जागा एकूण थोड्या, आणि वर्षातले काही महिने घराबाहेर तंबूत किंवा जहाजावर काढावे लागतात. ते ज्याला नको, त्याने हा मार्ग धरू नये.

'जॅम'चे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. पात्रतेच्या अटी बदलत राहतात, म्हणून कोणाच्या सांगण्यावर न जाता माहितीपत्रक स्वतः वाचा. आणि गणपतीच्या सुट्टीत घरी आलेल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनो, आरत्या आटोपल्या की अर्ज भरून टाका.